मराठवाड्यातल्या कॉलेजात शिकत असताना ग्राफीन फोटोडिटेक्टर कसा करायचा

परभणी, नांदेड, लातूर, बीडकडची एमएस्सी फिजिक्सची आणि ईएनटीसीची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनची) बरीच पोरंपोरी आजकाल ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थरावर, प्रोजेक्ट घ्यायलेत, पण बहुतेकांचं काम ग्रॅफाइट पावडरपासून ग्राफीन ऑक्साइड केलं, एक्सआरडी (एक्स-रेची तपासणी) काढला, एसईएमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) चार फोटो चिकटवले की संपतं. त्याच्या पुढं जाऊन खरंच चालणारं काहीतरी करायचं असेल, म्हणजे सिलिकॉन चिपवरच्या वेव्हगाइडमधून (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक पट्टीतून) येणारा प्रकाश पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा डिटेक्टर, तर तो टप्प्याटप्प्यानं कसा करायचा ते इथं लिहायलोय. यातलं अर्धं काम लॅपटॉपवर होतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी बाहेर जावं लागतं, पण जाता येतं, आणि तेही खाली सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ग्राफीनमध्ये स्पीड जवळपास आयता मिळतो. कमवावा लागतो तो प्रकाश, आणि सांभाळावा लागतो तो रेझिस्टन्स. पेपरमध्ये १०० गिगाहर्ट्झचा आकडा बघून पोरं त्याच्याच मागं लागतात आणि शेवटी डिटेक्टर इतका कमी करंट देतो की नॉइजमधून सिग्नल उचलता येत नाही. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय घेताना हेच विचारायचं की याच्यानं प्रकाश जास्त शोषला जाईल का आणि रेझिस्टन्स कमी राहील का.

आता हे लागतंच कशाला ते थोडक्यात. फायबर तर आपल्या संभाजीनगरातच बनते, वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइटचे मोठे प्लांट आहेत. त्या फायबरमधून डेटा जातो तो १३१० नाहीतर १५५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड प्रकाशावर. सिलिकॉनचा बँडगॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान एनर्जी) १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश त्याच्यातून सरळ आरपार जातो, त्यामुळं सिलिकॉन वेव्हगाइड म्हणून झकास पण डिटेक्टर म्हणून बिनकामाचं. सध्या कंपन्या सिलिकॉनवर जर्मेनियम वाढवून डिटेक्टर करतात. दोघांच्या क्रिस्टलच्या मापात ४ टक्क्यांच्या वर फरक आहे म्हणून ते वाढवणं किचकट, तापमान जास्त, पण होतं आणि चांगलं होतं. तुमच्या इंट्रोडक्शनमध्ये ‘जर्मेनियम स्लो आहे’ असं अजिबात लिहू नका, २०२१ मध्ये जर्मेनियमच्या डिटेक्टरनं २६५ गिगाहर्ट्झ दाखवलेत. ग्राफीनचा खरा फायदा वेगळाय, ते वाढवावं लागत नाही, वरून आणून ठेवता येतं, सिलिकॉन असो की सिलिकॉन नायट्राइड, क्रिस्टल जुळायची भानगडच नाही, आणि बँडगॅप शून्य असल्यामुळं टेलिकॉमचे सगळे बँड एकाच डिटेक्टरला चालतात.

ग्राफीन २००४ ला मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्हनी वेगळं काढलं, २०१० ला नोबेल मिळालं, हे सगळ्यांना माहितीय. डिटेक्टरच्या बाजूनं महत्त्वाचं वर्ष २००९, आयबीएमच्या ग्रुपनं दाखवलं की ४० गिगाहर्ट्झपर्यंत ग्राफीनचा रिस्पॉन्स पडतच नाही, पुढं मोजायला त्यांची उपकरणंच पुरली नाहीत. पण तिथं प्रकाश वरून सरळ टाकला होता, आणि एक थर वरून टाकलेल्या प्रकाशातला फक्त २.३ टक्के शोषतो, बाकीचे ९७ टक्के वाया. यावरचा उपाय २०१३ ला तीन वेगवेगळ्या ग्रुपनी एकाच वेळी दाखवला, ग्राफीन वेव्हगाइडवर आडवं ठेवायचं, म्हणजे प्रकाश त्याच्या खालून, अंगाला लागून लांबवर जातो आणि जाता जाता शोषला जातो. आपण करायचंय ते हेच.

मग लांबी किती ठेवायची? नेहमीचं सिलिकॉन वेव्हगाइड २२० नॅनोमीटर जाड आणि ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद असतं, त्याच्यावर ग्राफीन ठेवलं की साधारण ०.०५ ते ०.१ डीबी प्रति मायक्रॉन शोषण मिळतं. ०.१ धरलं तर ५० मायक्रॉनमध्ये ५ डीबी, म्हणजे ६८ टक्के प्रकाश आत. लांबी निम्मी केली तर ४४ टक्के. वरून टाकल्यावर मिळणाऱ्या २.३ च्या पुढं हे लै झालं.

हा आकडा दुसऱ्याच्या पेपरातून उचलू नका, स्वतः काढा, लॅपटॉपवर निघतो. मीप हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एमआयटीतून आलेलं. ग्राफीनचा ०.३४ नॅनोमीटरचा थर सरळ मेशमध्ये (हिशोबाच्या चौकटींच्या जाळीत) टाकायला गेलात तर लॅपटॉप रात्रभर घुमत राहील आणि उत्तरही धड येणार नाही. त्यापेक्षा ग्राफीन नसलेल्या वेव्हगाइडचा मोड (त्यात प्रकाशाचं फील्ड कसं पसरतं ते) काढा, ग्राफीन ज्या उंचीवर येणार तिथलं फील्ड घ्या, त्यातलं ग्राफीनच्या पातळीला समांतर असलेलंच फील्ड घ्यायचं, उभं नाही. त्याचा वर्ग करून रुंदीवर इंटिग्रेट करा, ग्राफीनच्या कंडक्टिव्हिटीनं म्हणजे ६.०८ गुणिले १० चा उणे ५ वा घात सीमेन्सनं गुणा, निम्मं करा आणि मोडच्या पॉवरनं भागा. झालं, प्रति मीटर शोषण हातात. वेव्हगाइड आणि ग्राफीनच्या मधली ऑक्साइडची जाडी १० वरून ५० नॅनोमीटर केली की आकडा किती घसरतो ते इथंच बघून घ्या, नंतर कामाला येतं. आणि एक, ग्राफीनचं डोपिंग (त्यात जादा चार्ज भरणं) फार झालं, फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेत ती पातळी) ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढं गेली, तर १५५० चा प्रकाश ते शोषतच नाही, कारण फोटॉनची एनर्जी ०.८ आणि तिच्या निम्म्यापर्यंतच्या जागा आधीच भरलेल्या.

आता सगळ्यात मोठा निर्णय, बायस, म्हणजे बाहेरून व्होल्टेज, द्यायचा का नाही. इथं थांबून एक हिशोब कराच. ५० मायक्रॉन लांबीचा डिटेक्टर, दोन्ही बाजूनं मेटल, मेटल ते मेटल अंतर २ मायक्रॉन. शीट रेझिस्टन्स ८०० ओहम धरला तर चॅनेलचे (मधल्या ग्राफीनचे) ३२ ओहम, कॉन्टॅक्टचे (मेटल-ग्राफीनच्या जोडाचे) ५०० ओहम-मायक्रॉन धरले तर प्रत्येकी १०, एकूण ५२ ओहम. याला नुसता ०.३ व्होल्ट दिला की अंधारातच जवळपास ६ मिलीअँपिअर वाहायला लागतात. आणि प्रकाशाचा करंट? १०० मायक्रोवॉट प्रकाश आणि ०.१ अँपिअर प्रति वॉट असा चांगला डिटेक्टर धरला तरी १० मायक्रोअँपिअर. अंधाराचा करंट सहाशे पट. जर्मेनियमच्या डायोडला रिव्हर्स बायस देतात तसं इथं चालत नाही, ग्राफीनला बँडगॅपच नाही तर करंट अडवणार कोण. म्हणून माझं ठाम मत, पहिला डिटेक्टर शून्य बायसवरच चालेल असाच डिझाइन करा.

शून्य बायसवर करंट येतो कुठून, तर उष्णतेतून. फोटॉन शोषला की ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन फेम्टोसेकंदात एकमेकांना एनर्जी वाटून तापतात, अणूंची जाळी मात्र थंडच राहते, आणि ते परत थंड होतात काही पिकोसेकंदात. आयता स्पीड म्हणालो तो हाच. तापलेल्या जागेच्या एका बाजूला पी (पॉझिटिव्ह चार्जवालं) आणि दुसऱ्या बाजूला एन (निगेटिव्ह चार्जवालं) ग्राफीन असेल तर दोन्हीकडचा सीबेक कोएफिशंट (तापमानातल्या फरकाला किती व्होल्टेज ते) वेगळा आणि त्यातून व्होल्टेज तयार होतं. याला फोटोथर्मोइलेक्ट्रिक इफेक्ट म्हणतात, आणि याच्यावर चालणाऱ्या डिटेक्टरनी २०२१ ला १२० गिगाबिट प्रति सेकंदापर्यंत डेटा घेतलाय. महत्त्वाचं काय, तर जंक्शन, म्हणजे पी आणि एन जिथं भेटतात ती जागा, वेव्हगाइडच्या बरोब्बर डोक्यावर आलं पाहिजे. अर्धा मायक्रॉन इकडं तिकडं झालं की व्होल्टेज घसरलं.

पी-एन जंक्शन करायला दोन गेट (व्होल्टेज देऊन ग्राफीनचं डोपिंग बदलणाऱ्या पट्ट्या) लागतात, आणि गेट आले की कपॅसिटन्स आला. ५० बाय १ मायक्रॉनचा एक गेट, खाली ३० नॅनोमीटर अॅल्युमिना, तर एकट्या गेटचेच १०० फेम्टोफॅरडच्या वर होतात. ढोबळ बघा, लोड धरून एकूण १०० ओहम आणि ४० फेम्टोफॅरड असले तर बँडविड्थ ४० गिगाहर्ट्झच्या आसपास येते, मग १०० च्या वर गेल्यावर काय होईल ते तुम्हीच काढा. लांबी निम्मी केली की कपॅसिटन्स कमी होतो पण प्रकाशही कमी शोषला जातो आणि रेझिस्टन्स ५२ चा १०४ होतो. ही ओढाताण म्हणजेच या डिटेक्टरचं डिझाइन, बाकी सगळी कारागिरी. व्हिएन्नाच्या ग्रुपनं २०१६ ला यातून छान वाट काढली, वेव्हगाइडच मधून चिरलेलं घेतलं आणि त्याच्या दोन अर्ध्या सिलिकॉनच्या पट्ट्याच गेट म्हणून वापरल्या.

पण पहिल्यांदा करणाऱ्यानं गेटच्या नादी लागू नये असं मला वाटतं. साधा डिटेक्टर करा, दोन मेटल, मध्ये ग्राफीन, आणि वेव्हगाइड मधोमध न ठेवता एका मेटलच्या जवळ. मेटल ग्राफीनला स्वतःच डोप करतं, त्यामुळं मेटलच्या कडेला आपोआप जंक्शन तयार होतं, आणि वेव्हगाइड तिथंच असलं की शून्य बायसवर करंट मिळतो. अगदी मधोमध ठेवलं तर दोन्हीकडचे करंट एकमेकांना खाऊन टाकतात. मेटल किती जवळ आणायचं ते सिम्युलेशनमध्ये बघा, फार जवळ आणलं तर प्रकाश मेटलच पिऊन टाकतं. लेआउट केलेआउट नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, पायथन येत असेल तर जीडीएसफॅक्टरी घ्या. एकाच चिपवर १०, २५, ५० मायक्रॉनचे डिटेक्टर, मेटलचं अंतर वेगवेगळं, आणि ग्राफीन नसलेली दोन-तीन नुसती वेव्हगाइड पण ठेवा. ही कोरी वेव्हगाइड नसली तर नंतर कपलिंगचा लॉस काढताच येत नाही.

आता बनवायचं कुठं. आपल्याकडं क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त लॅब) नाही म्हणून बरेच जण इथंच सोडून देतात. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाचा आयएनयूपी-आयटूआय नावाचा प्रोग्राम आहे, त्यात आयआयटी मुंबई, बंगळूरचं आयआयएससी, आयआयटी मद्रास आणि आणखी काही आयआयटींच्या नॅनोफॅब बाहेरच्या कॉलेजांना वापरता येतात. आधी ओळखीचं वर्कशॉप, मग हातानं करायचं ट्रेनिंग, मग प्रपोजल. प्रपोजल गाइडच्या नावानं आणि कॉलेजमार्फत जातं, म्हणून गाइडला सुरुवातीलाच सोबत घ्या. मुंबईला जायला देवगिरी एक्स्प्रेस आहेच, नांदेड-परभणीहून संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबईत. प्रपोजलमध्ये वरचा सगळा हिशोब टाका, शोषण किती, रेझिस्टन्स किती, कपॅसिटन्स किती. नुसतं ‘ग्राफीनचे गुणधर्म अद्भुत आहेत’ लिहिलेल्या प्रपोजलपेक्षा स्वतः केलेली एक पानाची आकडेमोड जास्त बोलते. वेव्हगाइडची चिप मिळवायला एकाच वेफरवर अनेकांचे डिझाइन घेणाऱ्या फाउंड्री असतात, आणि आयआयटी मद्रासला सिलिकॉन फोटॉनिक्सचं सेंटर आहे, तिथंही विचारा.

चिपचा वरचा भाग सपाट केलेला मागा. उघड्या वेव्हगाइडला २२० नॅनोमीटरची पायरी असते आणि त्या कडेवर ग्राफीन हमखास फाटतं. वर ऑक्साइड टाकून पॉलिश करून वेव्हगाइडवर १०-२० नॅनोमीटरच शिल्लक ठेवतात. किती ठेवायचं ते मघाच्या सिम्युलेशनवरून तुम्हाला आता माहितीय.

ट्रान्सफर, म्हणजे ग्राफीन चिपवर आणून ठेवणं, ही पायरी सावकाश वाचा, सगळ्यात जास्त चिपा इथंच वाया जातात. ग्राफीन येतं तांब्याच्या फॉइलवर, मिथेन आणि हायड्रोजनमध्ये १००० अंशांच्या आसपास वाढवलेलं, विकत मिळतं. फॉइलच्या दोन्ही बाजूला ग्राफीन असतं हे विसरायचं नाही. पुढच्या बाजूला पीएमएमए (ग्राफीनला आधार देणारं प्लास्टिक) स्पिन करा, म्हणजे गोल फिरवून पातळ पसरवा, मग फॉइल उलटी करून मागचं ग्राफीन ऑक्सिजन प्लाझ्मानं उडवा, नाहीतर तेच मागचे तुकडे खाली चिकटून येतात आणि थर एकाचे दोन दिसायला लागतात. मग अमोनियम परसल्फेटच्या पाण्यात फॉइल तरंगत ठेवा, तांबं दिसेनासं झालं तरी थोडा वेळ राहू द्या. नंतर डीआय (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्याच्या तीन वेगवेगळ्या भांड्यांतून फिरवा. डीआय म्हणजे डीआयच, आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारानं भरलेलं असतं, भांडी विसळायला सुद्धा शेवटचा हात त्याचा नको, एक थेंब वाळला तरी चिपवर पांढरा डाग राहतो. शेवटी चिप तिरकी पाण्यात घालून खालून वर आणायची, दुधावरची साय उचलतो तशी, घाई न करता. वर आल्यावर चिप उभी करून पाणी निथळू द्या, आणि लगेच हॉटप्लेटवर ठेवू नका, अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की ग्राफीनला भोकं पडतात. पूर्ण वाळल्यावर हळूहळू १५० अंशांपर्यंत न्या, म्हणजे पीएमएमए मऊ होऊन सुरकुत्या बसतात, मग अॅसिटोन. अल्ट्रासोनिक चुकूनही नको.

ही सगळी कसरत आधी ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या साध्या सिलिकॉनच्या तुकड्यावर करा, तिथं एक थर मायक्रोस्कोपमध्ये डोळ्यानं दिसतो. हात बसल्याशिवाय खऱ्या चिपला शिवू नका.

मग रामन, म्हणजे लेझर टाकून परत आलेल्या प्रकाशावरून थर ओळखायची तपासणी. ५३२ नॅनोमीटरच्या लेझरनं जी पीक १५८० प्रति सेंटीमीटरच्या आसपास, टूडी २६८० च्या आसपास. टूडीची उंची जीच्या दुपटीच्या पुढं आणि रुंदी २५-३० असली तर एक थर, आणि १३५० ला डी पीक दिसली नाही म्हणजे फाटाफाट कमी. एका जागी काढून खूश होऊ नका, डिटेक्टर येणार त्या पट्टीवर लांबीभर काढा.

लिथोग्राफीबद्दल, म्हणजे चिपवर आकार उमटवण्याबद्दल, दोनच गोष्टी. ग्राफीनचा आकार कापायला हलका ऑक्सिजन प्लाझ्मा काही सेकंद पुरतो, पण कॉन्टॅक्टच्या खालचा रेझिस्ट साफ करायला तोच प्लाझ्मा वापरला तर ग्राफीनच जाईल आणि रेझिस्टन्स आभाळाला टेकेल. दुसरी, प्रोबचे (मोजायच्या सुईचे) मोठे पॅड ग्राफीनवर बसवू नका, त्या जागचं ग्राफीन आधी उडवून पॅड ऑक्साइडवर टाका, नाहीतर प्रोब टेकवला की पॅडच उचलून येतो.

मोजताना क्रम सोडू नका. आधी प्रकाशाशिवाय रेझिस्टन्स, आणि तो हिशोबाच्या ५२ ओहमशी ताडून बघा. पावसाळ्यात हवेतला ओलावा ग्राफीनला पी डोप करतो म्हणून आकडा दिवसागणिक हलेल, वहीत तारखेसोबत ह्युमिडिटी पण लिहा, नाहीतर वर हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड नाहीतर अॅल्युमिनाचं झाकण टाका. मग कोऱ्या वेव्हगाइडमधून प्रकाश टाकून लॉस घ्या, दोन ग्रेटिंग (फायबरमधला प्रकाश चिपच्या आत-बाहेर करणाऱ्या खाचा) सारखे असतील तर निम्मा लॉस एका ग्रेटिंगचा. मग डिटेक्टरवर काही शे हर्ट्झनं चालूबंद होणारा प्रकाश आणि लॉक-इन अॅम्प्लिफायर (नॉइजमधून तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल उचलणारं यंत्र). करंट पॉवरच्या प्रमाणात वाढतोय का, लेझर बंद केल्यावर शून्य होतोय का, हे दोन्ही ग्राफ हवेतच. पुढं कधी दोन गेटवाला केला तर दोन्ही व्होल्टेज फिरवून नकाशा काढा, त्यात अधिक-उणे असे आलटून पालटून सहा भाग दिसले तर करंट थर्मोइलेक्ट्रिकच आहे याची ती सगळ्यात चांगली खूण.

हायस्पीड मोजायला नेटवर्क अॅनालायझर आणि मॉड्युलेटर असले तर उत्तम, नसले तर दोन लेझरची पद्धत सोपी पडते. १५५० च्या आसपासचे दोन लेझर एकत्र टाकायचे, त्यांच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाइतका सिग्नल डिटेक्टरमधून निघतो. ०.८ नॅनोमीटरचा फरक म्हणजे १०० गिगाहर्ट्झ. एक लेझर हळूहळू सरकवत जायचं आणि पॉवर नोंदवायची. केबलचा आणि प्रोबचा लॉस वेगळा मोजून वजा करा, तो नाही केला तर तुम्ही ग्राफीनची नाही, केबलची बँडविड्थ मोजताय. झुरिकच्या ईटीएचनं २०२३ ला ५०० गिगाहर्ट्झच्या पुढचा ग्राफीन डिटेक्टर दाखवलाय, पण त्यांच्याकडं ते मोजायची सोय होती. तुमच्याकडं ४० पर्यंतची असेल तर ‘४० पर्यंत पडला नाही’ एवढंच लिहा, ते पुष्कळ आहे.

लेझर चालू असताना फायबरच्या टोकात डोकावायचं नाही. १५५० डोळ्याला दिसत नाही, त्यामुळं चालू आहे का बंद ते नुसतं बघून कळत नाही, इन्फ्रारेड कार्ड जवळ ठेवा आणि फायबर काढायच्या आधी लेझर बंद करा, दर वेळी.

थेसिसमध्ये रिस्पॉन्सिव्हिटी (एका वॉट प्रकाशामागं किती अँपिअर) लिहिताना ती फायबरमधल्या पॉवरवर काढली की वेव्हगाइडमधल्या, हे शेजारीच लिहा, दोन्हीत सहज दुपटीचा फरक पडतो. एका फोटॉनमागं एकच इलेक्ट्रॉन धरला तर १५५० ला जास्तीत जास्त १.२५ अँपिअर प्रति वॉट येतो. तुमचा आकडा शून्य बायसवर याच्या पुढं गेला तर आनंद मानायच्या आधी पॉवर मीटरची वेव्हलेंग्थ सेटिंग तपासा. ०.०१ आला तरी तो प्रामाणिकपणे मोजलेला असला, सोबत रामनचा नकाशा, रेझिस्टन्स, कोऱ्या वेव्हगाइडचा लॉस आणि किती डिटेक्टरपैकी किती चालले हा आकडा असला, तर पुढच्या वर्षी तुमच्या लॅबमध्ये येणारी पोरं तिथून पुढं सुरू करू शकतात.